माया बेड

फोन दुपारी पावणेतीनला आला आणि तो रत्नम्माचा होता, म्हणून मी जरा वैतागूनच उचलला. रत्नम्मा म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. तिचा फोन बहुधा अण्णाची तक्रार सांगायला असे. जेवले नाहीत, गोळी घेतली नाही, गिऱ्हाइकाशी भांडले. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "अक्का, मशीन बंद केलं. अण्णा उठेनात." मला अर्थ लागायला वेळ लागला नाही. पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, कोपऱ्यातल्या नमुन्याच्या गादीवर, अण्णा रोज जेवणानंतर अर्धा तास आडवा होत असे, आणि त्याला झोप लागायची ती मशीनच्या खडखडाटातच. चहासाठी मशीन थांबलं की तो शांततेने दचकून जागा व्हायचा आणि विचारायचा, "काय झालं?" त्या दिवशी मशीन थांबलं... आणि कोणी काही विचारलं नाही.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. तेराव्याच्या जेवणाला आलेला प्रत्येक जण आधी अण्णाबद्दल दोन चांगले शब्द बोलला आणि लगेच विचारू लागला, "मग आता कारखान्याचं काय?" प्रश्न वावगा नव्हता. शेडचा भाडेकरार महिनाअखेरीला संपत होता. अण्णाची एकुलती एक मुलगी वैदेही एचएसआर लेआउटमध्ये राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे, आणि तारा-कापडात तिला लहानपणापासून रस नाही. त्यात तिचा काही दोषही नाही. वहिनी जाऊन आठ वर्षं झाली. राहता राहिले मी. कारखाना काढतानाच अण्णाने "पुट्टी, इथे सही कर" म्हणून मला भागीदार करून घेतलं होतं. पुट्टी म्हणजे धाकटी. मी सहासष्ट वर्षांची झाले तरी त्याच्यासाठी पुट्टीच होते. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, गुडघे कुरकुरतात, आणि दुसऱ्यांच्या चुका काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. अशी बाई कारखाना काय चालवणार? वैदेही म्हणाली, "आत्या, प्रॅक्टिकली बघ ना. कोइमतूरची एक पार्टी मशीन घ्यायला रेडी आहे. पण अप्पांचं होतं ते सगळं... तू म्हणशील तसं." म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात. शेड ठेवायची की अकरा बायकांना 'आता या' म्हणायचं, हे मी एकटीने ठरवायचं होतं. खरं सांगते, मनातल्या मनात मी बंद करायचं ठरवूनही टाकलं होतं.

तिथे बनतं काय ते आधी सांगते, कारण आमच्या निम्म्या नातेवाइकांना ते अजून धड माहीत नाही. 'श्रीपाद गाद्या करतो' असं ते म्हणत आणि अण्णा चिडे. तो गाद्या करत नव्हता. गादीच्या आणि सोफ्याच्या पोटात असतात त्या स्प्रिंगा करत होता, आणि त्याही नुसत्या नाहीत, कापडी खिशातल्या. पोलादी तार मशीनमध्ये जाते, वळून मधे फुगीर नि टोकांना निमुळती अशी स्प्रिंग होते, ती दाबून चपटी करून दुमडलेल्या कापडाच्या दोन पदरांत सरकवली जाते. मग कापडाच्या कडा चिकटवल्या जातात आणि मशीनचे दोन हात तिला थापटून खिशातल्या खिशात उभी करतात. एकामागून एक अशी खिशांची लांबच लांब माळ बाहेर पडते. तिला बायका 'सर' म्हणतात. गळ्यातल्या सराला कन्नडमध्येही सरच म्हणतात, त्यामुळे निदान या शब्दावरून तिथे कधी घोटाळा झाला नाही. सर शेजारी शेजारी चिकटवले की गादीचं पोट तयार. प्रत्येक स्प्रिंग आपापल्या खिशात, म्हणून एकीवर भार आला तर ती एकटीच दबते, शेजारणीला पत्ता नसतो. नवरा कुशीवर वळला तरी बायकोची झोप मोडत नाही, असं अण्णा गिऱ्हाइकांना सांगे, आणि वहिनी मागून म्हणत, "घोरण्याचं काय करता तेही सांगा."

आम्ही शिंप्यांच्या घरातले. इथे कन्नड मुलखात इतक्या पिढ्या झाल्या की 'मूळचे कुठले' असं कोणी विचारलं तर आम्ही चिकपेट सांगतो. तिथल्या एका बोळात बाबांचं दुकान होतं. गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे, बायकांचे झंपर, पोरांचे फ्रॉक. अण्णा शिवण शिकला तो बाबांकडेच, आणि बाबांचा पहिला धडा होता तो माया ठेवण्याचा. ज्यांनी कधी शिवणयंत्राला हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगते, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. पोर वाढलं, बाई अंगाने भरली, की शिवण उसवायची आणि त्या मायेतून कपडा मोठा करायचा. माझा एक निळा फ्रॉक असा तीन इयत्ता पुरला. माया न ठेवणारा शिंपी कापड वाचवतो आणि माणूस विसरतो, असं बाबांचं मत होतं. अण्णाच्या बोटांत ते इतकं भिनलं होतं की तो वर्तमानपत्राची पुडी बांधतानासुद्धा कडेला बोटभर कागद जास्त सोडायचा.

पुढे रेडिमेडने दुकान बसवलं. बाबा गेले. अण्णा दिवसभर दुकानात माश्या मारत बसे आणि घरी येऊन काही बोलत नसे, ते मला जास्त जड जायचं. मग एके दिवशी तो लगेज ऑटोतून एक डाग पडलेली, फाटकी, परदेशी गादी घेऊन आला. कुठल्याशा हॉटेलने भंगारात काढलेली. वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "लोक भंगार विकतात, आमच्याकडे विकत आणतात." अण्णाने हॉलमध्ये सतरंजी पसरली, कात्री घेतली आणि गादी उसवायला बसला. मी शाळेतून आले तेव्हा त्याच्या हातात एक पांढरा कापडी खिसा होता, आत स्प्रिंग. तो खिसा त्याने माझ्यापुढे धरला. "पुट्टी, बघ. प्रत्येकीला वेगळी खोळ शिवलीय. आत, जिथं कोणाला दिसणारही नाही तिथं." कितीतरी महिन्यांनी मी त्याचा चेहरा असा पाहत होते. "हे तर आपलंच काम आहे," तो म्हणाला.

मशीन वगैरे तेव्हा नव्हतंच. पीण्यातल्या एका वर्कशॉपमधून स्प्रिंगा वळवून आणायच्या आणि बाबांच्या शिवणयंत्रावर सुती कापडाचे खिसे शिवायचे. पहिली मोठी ऑर्डर मिळाली ती एका कल्याणमंडपाची, म्हणजे आपल्या मंगल कार्यालयाची. वधूवरांना बसायचा भला मोठा सोफा. अण्णाने जीव ओतून काम केलं. उद्घाटनाच्या लग्नाला मालकाने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. रिसेप्शन सुरू झालं. पाहुणे रांगेने स्टेजवर येत, नवरानवरी उठून नमस्कार करत, फोटो होई आणि दोघं परत बसत. बसली की सोफ्यातून आवाज यायचा, कर्रर्र... अगदी स्पष्ट. पहिल्या दोन वेळा लोकांनी मान फिरवली. पुढे लहान मुलं स्टेजपाशीच ठाण मांडून बसली, पाहुणा खाली उतरला की एकमेकांना ढोसत आणि आवाज आला की लोळत. नवरदेव शेवटी उभाच राहिला, तासभर. अण्णा पानावरून न जेवता उठला.

दुसऱ्या दिवशी सोफा परत आला आणि अण्णाने त्याचं पोट फाडलं. निम्म्याहून जास्त स्प्रिंगा खिशात आडव्या पडलेल्या, कलंडलेल्या, स्वतःच्याच वेढ्यांवर घासणाऱ्या. वर्कशॉपवाल्याला शिव्या घालून झाल्या, तारेवर संशय घेऊन झाला. मी एक खिसा मूळच्या परदेशी खिशाशेजारी ठेवून पट्टीने मोजला. आमचा खिसा लांबीला बोटभर जास्त आणि रुंदीलाही सैल. "अण्णा, तू माया ठेवलीयस," मी म्हणाले. "ठेवणारच," तो म्हणाला. "उद्या काही कमीजास्त झालं तर?" मी शाळेत वापरायचे तो आवाज काढला. "काय कमीजास्त होणार? स्प्रिंग वाढणार आहे का? ती काय चौथीतून पाचवीत जाणार आहे? तिला आहे त्यापेक्षा आखूड खिशात दाबून बसवायला हवी, तरच ती ताठ उभी राहील." त्याने दोन्ही खिसे उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे बाबांनी शिकवलं ते इथं चालत नाही..." मी बरोबर होते, पण तेव्हा मला बरोबर असल्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही. त्याने सगळे खिसे उसवले आणि बोटभर आत शिवले. दर थोड्या वेळाने त्याचा हात सवयीने बाहेर जाई, आणि तो स्वतःशीच पुटपुटे, "माया नको, माया नको." सोफा पुन्हा गेला तो मुका होऊन.

काम वाढलं, मशीन आलं, शेड घेतली, आणि पहिल्या काही बायकांबरोबर रत्नम्मा आली. ती आधी एका कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथे संध्याकाळी सुटताना दारावर बायकांच्या पिशव्या उलट्या करून बघत, कापड चोरलं का म्हणून. हे आम्हाला नंतर कळलं. मशीन आलं तरी कडेचे आणि लहान उशांचे खिसे हातानेच शिवावे लागत, आणि रत्नम्मा ते फार सुबक शिवायची. तिला पहिल्या आठवड्यात अण्णाने आपल्या धेडगुजरी कन्नडमध्ये ताकीद दिली, "रत्नम्मा, माया बेड. स्वल्पसुद्धा बेड." बेड म्हणजे नको. पण माया हा आपला शिंपीकामातला शब्द कन्नडमध्ये कुठे असायला. तिकडे 'माय' म्हणजे गायब, नाहीसं. दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट अण्णाच्या टेबलाशी, आणि तिने पिशवी उलटी केली. डबा, कंगवा, बसचा पास, कुंकवाची पुडी. "नानु एनू माय माडिल्ला," ती म्हणाली. मी काहीही गायब केलेलं नाही. आवाज शांत होता. अण्णा खुळ्यासारखा हसला. त्याला वाटलं ही आपल्या कामाचं सांगतेय. "गोत्तु, गोत्तु," माहीतच आहे, तो म्हणाला, "तुझ्याकडं माया नाहीच. बाकीच्यांनाही तेच सांगतोय." आता तिला वाटलं, हा सगळ्यांनाच चोर म्हणतोय. तिने डोळ्याला पदर लावला आणि जायला वळली.

शनिवार होता म्हणून मी तिथे होते. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिला दारातून ओढून आणलं. शिवण दाखवली, दुमडलेलं कापड दाखवलं, हिला आम्ही माया म्हणतो असं सांगितलं. अण्णाला मी मराठीत समजावलं. तो उठला आणि तिच्या वस्तू एकेक उचलून पिशवीत परत ठेवू लागला. डबा नीट, मग कंगवा, मग पास. कुंकवाची पुडी थोडी सांडली होती, ती त्याने कागदावर गोळा केली. "तप्पायतु, रत्नम्मा," चुकलं माझं. आणि तिथल्या तिथे सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाला की या शेडमध्ये कोणाची पिशवी कधी उघडली जाणार नाही. आजवर उघडली गेलेली नाही. रत्नम्माने डोळे पुसले आणि मला विचारलं, "माया अंदरे बरी कापडच, अक्का?" म्हणजे नुसतं कापडच का? मी म्हणाले, नाही, जीव लावणं म्हणजेही मायाच. तिने जरा विचार केला. "मग हे माणूस दिवसभर 'प्रेम नको, प्रेम नको' ओरडत फिरतंय?" त्या दिवशी शेडमध्ये पहिल्यांदा सगळ्या बायका एकत्र हसल्या.

त्या वर्षी दसऱ्यातल्या आयुधपूजेला मशीन धुऊनपुसून रंगवलं तेव्हा उरलेल्या लाल रंगात अण्णाने त्याच्या पाठीवर ढोबळ देवनागरी अक्षरांत लिहिलं, 'माया बेड'. थट्टा म्हणूनच. गेल्या वर्षी एचएसआर लेआउटमधून एक तरुण मुलगी लॅपटॉप घेऊन शेडमध्ये आली. तिच्या नव्या कंपनीला कोरमंगलाच्या पीजी हॉस्टेलांसाठी एकेरी गाद्या करायच्या होत्या आणि त्यांची पोटं आमच्याकडून हवी होती. मुलगी उत्तरेकडची, देवनागरी सरसर वाचणारी आणि कन्नडचं नाव नाही. तिने मशीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "अंकल, माया बेड... ब्रँड नेम एकदम सुपर है." अण्णा माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. मग तो हसत सुटला, इतका की रत्नम्माला पाणी आणावं लागलं. 'हे गादीचं नाव नाही, पोरी' असं मी सांगणारच होते. चूक दिसली की माझी जीभ थांबत नाही. अण्णाने माझा हात दाबला. "पुट्टी, तू स्वल्प गप्प बस." आता कोरमंगलाच्या कितीतरी पोरापोरींच्या गादीवर 'माया बेड' अशी चिठ्ठी शिवलेली आहे. जन्मभर ज्याला नको म्हटलं तेच नाव झालं, असं तो येईल त्याला सांगत सुटला.

शेवटच्या रविवारी तो माझ्याकडे चामराजपेटला जेवायला आला होता. जाताना नव्या भाडेकराराचे कागद ठेवून गेला. "बारीक अक्षर दिसत नाही, तू वाचून ठेव." मी वाचले आणि त्यात स्पेलिंगच्या दोन चुका निघाल्या, त्या लाल पेनाने दाखवून ठेवल्या. पुढे काय, तुझ्यानंतर कोण, हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. नुसते कागद ठेवले. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही, आणि कळला असता तर मी नक्की हात वर केले असते. त्याला तेवढं माहीत असणार.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मी मेट्रोने पीण्याला गेले. पर्समध्ये पत्र होतं, कन्नडमध्ये नीट लिहिलेलं. शेड सोडत आहोत, सगळ्यांचं सगळं व्यवस्थित करू, वगैरे. आदल्या दिवशी आरशासमोर उभी राहून ते मोठ्याने वाचूनही पाहिलं होतं. पोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. मशीन चालू होतं, बायकांनी मान हलवली, कोणी काही विचारलं नाही. मी अण्णाच्या टेबलाशी बसले. समोरच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या हॉटेलातून, रत्नम्मा कॉफी घेऊन आली, बाय-टू; एक कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. अण्णा आणि ती रोज अकराला अशी घेत, हे मला ऐकून ठाऊक होतं. गेले कितीतरी दिवस ती एकटीसाठीही बाय-टूच आणत होती, हे बाकीच्यांनी मला नंतर सांगितलं. एक पेला तिने माझ्यापुढे ठेवला, प्या म्हणाली. "कुडीरी, अक्का." मी पर्सची चेन उघडली. तेवढ्यात तिने तारेचा एक तुकडा टेबलावर ठेवला. "सकाळी नवीन बंडल आलंय. मला जरा जाड वाटतंय. केसभरच. सप्लायर म्हणतो, स्वल्प आहे, चालतंय. ठेवायचं की परत?"

मी तुकडा उचलला. ड्रॉवरमध्ये मायक्रोमीटर होता, लावला. खरंच केसभर जाड होती. पण तारेची जाडी केसभर वाढली की स्प्रिंगचा ताठपणा केसभर वाढत नाही, कितीतरी जास्त वाढतो. हे गणित अण्णाला मीच फोनवर करून द्यायची, दर नव्या तारेला, वर्षानुवर्षं, आणि दर वेळी 'एवढं साधं तुला येत नाही का' म्हणायची. आता वाटतं, त्याला येत असणार. एवढी वर्षं दर बंडलामागे तो मला फोन करत राहिला, ते गणितासाठी नव्हतं... रत्नम्मा उभी होती. तिच्या मागे अकरा बायका नव्हत्याच, दहाच होत्या, कारण अकरावी ती स्वतः होती, पण सगळ्यांचे हात थांबले होते. एवढ्या जाड तारेच्या गादीवर झोपणाऱ्या कोरमंगलाच्या कुठल्यातरी पोरीची पाठ मला दिसायला लागली.

"परत पाठवा," मी म्हणाले. "सगळं बंडल. आणि उद्या मी साडेनऊला येते, बाकीचीही बघू."

"सरी, अक्का," ठीक आहे, रत्नम्मा म्हणाली आणि वळली. हात पुन्हा चालू झाले. पत्र पर्समध्येच राहिलं. भाडेकरारावर त्याच संध्याकाळी सही केली. वैदेही फोनवर रडली, मग म्हणाली की शनिवारी ती येऊन बिलांचं काहीतरी कॉम्प्युटरवर करून देईल.

तेव्हापासून रोज जाते. गुडघे दुखतात, पण जिना नाही. अकरा वाजता कॉफी येते, एकच, दोन पेल्यांत, आणि अण्णाच्या वाटणीची अर्धी मी पिते. त्यात साखर त्याच्या आवडीची असते, भरपूर, अगदी ओठ चिकटतील इतकी. मी वीस वर्षं बिनसाखरेची पीत आले. रत्नम्माला ते माहीत नाही. रोज ठरवते की आज सांगायचं, आणि रोज पेला रिकामा करून तिच्या हातात देते.